खविसाचे डोळे

"हा उभाच राहायचा नाही," बाबा म्हणाले.

शार्दूलनं परदेशातून मागवलेलं राक्षसांचं जाडजूड पुस्तक त्यांनी अगदी नाकाजवळ धरलं होतं. उघड्या पानावर बैलाच्या डोक्याचा एक अजस्र प्राणी होता. छाती पहिलवानाची आणि खाली बकरीसारखे बारीक पाय.

"काका, तो जादूचा आहे," शार्दूल म्हणाला.

"असू दे जादूचा. वर एवढा माल भरलाय आणि पोटऱ्या बघ. आपल्या कारखान्यात साच्यातून काढला असता, तर दुपारपर्यंत घोट्यात मोडून पडला असता." त्यांनी पान उलटलं. "आणि ही बाई कोण?"

"चेटकीण. बर्फाच्या डोंगरात राहते."

"बर्फात? आणि एवढ्याच कपड्यांत?"

स्वयंपाकघरातून आईच्या हसण्याचा आवाज आला. बाबा मात्र हसत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या पानावरच्या सापाच्या तोंडातले दात त्यांनी बोटानं मोजले. बेचाळीस भरले. मग शार्दूलकडे बघून त्यांनी विचारलं, "हा तोंड मिटतो कसा?"

शार्दूल आठ वर्षं असल्या राक्षसांशी लढायचे खेळ खेळत होता. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. दिवाळी नुकतीच सरली होती आणि पेणच्या आमच्या घरी मी, माझा मित्र शार्दूल आणि सात भुतं असा मुक्काम होता. आम्ही दोघांनी मिळून एक खेळ रचला होता, 'सातविहीर' नावाचा. याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. त्यातला एक सूत्रधार. तो गावाचं, रस्त्याचं, समोर आलेल्या संकटाचं वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. भुताखेतांच्या तोंडची वाक्यंही सूत्रधारानंच बोलायची. आमच्या खेळातल्या गावात सात विहिरी होत्या आणि प्रत्येकीत एकेक दांडगं भूत. हडळ, मुंजा, गिऱ्हा, असं करत शेवटच्या विहिरीत खवीस. सूत्रधार मी होते. आकडेमोड शार्दूलची.

या खेळापायी मी पुण्यातली विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. दोन वर्षं घासल्यावर ठाण्याच्या एका प्रकाशिका, दामलेबाई, बघायला तयार झाल्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "मला लिखाण पाठवू नकोस. वाचून मला खेळ कळत नाही. रविवारी अलिबागला बहिणीकडे चाललेय, अकरा वाजता पेणला उतरते, खेळून बघते." त्यांना आवडलं तर पुस्तक निघणार होतं. नाही आवडलं तर जानेवारीत मी मुकाट्यानं पुन्हा कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बसणार होते. आणि या रविवारला तीन आठवडे उरले असताना आमचा चित्रकार मित्र हैदराबादच्या एका ॲनिमेशन कंपनीत रुजू झाला. जाताना चित्रंही घेऊन गेला.

म्हणून बाबा.

बाबा गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा कोणी भरतो, घासकाम कोणी करतो, अंगाचा रंग कोणी मारतो, पण डोळ्यांना हात लावणारा माणूस वेगळा असतो, आणि आमच्या आळीत तो मान बाबांचा होता. डोळे नेहमी सगळ्यात शेवटी. ते काढून होईपर्यंत कारखान्यातली माणसं मूर्तीच्या हाताला खुशाल शर्ट अडकवायची. एकदा डोळे झाले की तीच माणसं शेजारून जाताना "सरकतो हं महाराज" म्हणून अंग चोरायची. लहानपणी शाळेतून येताना मी कारखान्यातल्या त्या बिनडोळ्यांच्या रांगांसमोरून पळत सुटायचे. बाबा म्हणायचे, "अगं, त्यांना अजून दिसत नाही. घाबरतेस कसली?"

मला तर त्याचीच भीती वाटायची.

तर अशा माणसाला मी भुतं काढायला बसवलं. त्यांनी लगेच कागद घेतला नाही. आधी वही काढली आणि आमची झडती सुरू केली.

"हडळ खाते काय?"

"माणसं," मी म्हणाले.

"रोज? एवढ्याशा गावात किती दिवस पुरतील?"

शार्दूलनं आमच्या कागदांवर 'हडळीचं खाणं?' असं टिपून घेतलं.

"मुंजा मेला तेव्हा किती वर्षांचा होता? त्याची आई आहे का अजून? खवीस विहिरीत झोपतो तर कान दुखत नाहीत त्याचे?"

"बाबा, प्रत्येकाची ताकद, वेग आणि चिलखत लिहून ठेवलंय आम्ही. ते बघा ना."

त्यांनी आमचा तक्ता बघितला. "ताकद अठरा. म्हणजे काय उचलतो?"

दोन वर्षांत आम्ही भुतांना सगळं दिलं होतं, फक्त ती कशी जगतात हे विचारलं नव्हतं.

मग मात्र बाबा झपाटल्यासारखे कामाला लागले. सकाळी चहा झाला की ओटीवर पाट टाकून बसायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. हडळीच्या पाऊलखुणा उलट्या दाखवायच्या तर तिच्या गुडघ्याचं काय होईल म्हणून ते स्वतः अंगणात उलटं चालून आले. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या यजमानांना बरं आहे ना?" गिऱ्ह्याचं अंग ओलं कसं दिसेल म्हणून आईचं भरलेलं पिंप दोनदा उपसून स्वतःच्या अंगावर ओतलं. सातही भुतं आकाराला आली आणि शार्दूल अक्षरशः नाचला. केस, नखं, शेवाळलेली कातडी, सगळं अस्सल. त्या जाड परदेशी पुस्तकातला एकही राक्षस त्यांच्यासमोर उभा राहिला नसता. तसाही तो उभा राहणार नव्हताच म्हणा.

डोळे तेवढे बाकी होते. ते बाबांनी रिवाजाप्रमाणे शेवटासाठी राखले आणि बुधवारी एका बैठकीत सहा जणांचे काढले. सातवा खवीस दुसऱ्या दिवसावर ठेवला.

संध्याकाळी मी ओटीवर गेले, चित्रांवरचं फडकं काढलं.

हडळ माझ्याकडे बघत होती. मोकळे केस, लांबलचक नखं, आणि वर ते डोळे. मोठे, पाणीदार, अर्धवट मिटल्यासारखे, मायेनं भरलेले. आता "जेवलीस का गं?" असं विचारेल असं वाटत होतं. मुंजाचे डोळे तसेच. गिऱ्ह्याचे तसेच. सहाच्या सहा भुतं मला आशीर्वाद देत होती.

"शार्दूल," मी हाक मारली. "समज, ही हडळ तुझ्या अंगावर आलीय. काय करशील?"

त्यानं चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. "नमस्कार," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "म्हणजे, वार करायचा आहे गं. पण हात उचलवत नाही."

बाबा अंगणातून हात पुसत आले. "कशी झालीत?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. रविवार चार दिवसांवर होता, माझा जीव टांगणीला लागला होता, हे सगळं खरं. पण तरी गप्प बसायला हवं होतं. मला राग आला की माझी डावी भुवई चढते आणि उजवा डोळा बारीक होतो. आई लांबून बघून सांगते, "चढली गं भुवई." त्या दिवशी तिनं सांगितलं की नाही ते मला ऐकूच आलं नाही.

"ही भुतं आहेत बाबा! माणसं मारणारी! तुम्ही सगळ्यांना गणपतीचे डोळे लावलेत!"

"समोर येणारा माणूस काहीतरी मनात घेऊन आलेला असतो," बाबा समजावत म्हणाले. "त्याला आधी जवळ बोलवायचं असतं. हात तसाच वळतो गं."

"कारण तुम्हाला दुसरं काही येतच नाही! चाळीस वर्षं एकच डोळा काढलात. एकच! दुसरा काढून दाखवा ना एक तरी!"

शार्दूल खाली बघायला लागला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग त्यांनी कुंचला पाण्यात खळबळून काढला, फडक्यानं टिपला, टोक ओठांनी सारखं केलं आणि डब्यात ठेवून दिला.

खविसाचे डोळे तसेच राहिले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बाबा ओटीवर बसत, पण खविसाचं पान फडक्याखालीच. मी विचारलं नाही. विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं. शनिवारी केरात मला चुरगळलेले कागद सापडले. उलगडून बघितले तर सगळ्यांवर डोळेच डोळे, पेन्सिलीनं काढलेले. वीस-पंचवीस जोड्या असतील. सगळे गणपतीचे.

रविवारी दामलेबाई अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पाठीला पिशवी. आल्या आल्या चपला काढताना म्हणाल्या, "मी लवकर मरणार का? मेलं की खेळाबाहेर बसावं लागतं असं भाचा म्हणाला."

खेळायला निदान तिघं हवी होती. दामलेबाई, शार्दूल आणि तिसरी आई. आईनं पात्र घ्यायला साफ नकार दिला. "मी माझीच राहते. हत्यार म्हणून विळी घेते." बाबा दारापाशी खुर्ची टाकून सुपारी कातरत बसले. "मला नका धरू. मी बघतो," म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष त्या वीस बाजूंच्या फाशाकडे होतं. तीन आठवडे ते त्याच्याकडे असेच बघत होते, पण त्यांनी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

मी सुरुवात केली. गाव, ओसाड पायवाट, पहिली विहीर. आवाज खोल नेला आणि हडळीचं चित्र टेबलावर ठेवलं.

"अगं बाई," आई हडळीला म्हणाली. "केसांना कधी तेल लागलंय का तुझ्या?"

"आई, ती तुझ्यावर झेप घेतेय!"

"घेऊ दे. दमली असेल. मी तिला पाणी विचारते."

दामलेबाईंनी फासा टाकला तो हडळीची वेणी घालून होते का हे बघायला. सोळा पडले. झाली वेणी. दुसऱ्या विहिरीवर मुंजाला शार्दूलनं शाळेत घातलं. माझ्या सहकाऱ्यानं! गिऱ्हा तर त्यांच्याबरोबर पुढच्या विहिरीची वाट दाखवायला निघाला. तासाभरात सहा विहिरी उरकल्या आणि एक वार झाला नाही. सगळे पोट धरून हसत होते. मी सोडून.

आईनं चहा आणला तेव्हा दामलेबाईंनी चष्मा पुसला. "गोड आहे गं हेमांगी. चित्रं तर फारच सुरेख. पण खरं सांगू? भीती कुठे आहे? मुलांना भीती लागते. थोडी तरी लागतेच. हे असं नाही छापता यायचं मला."

हे ऐकूनही बाबांचा अडकित्ता थांबला नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. एक विहीर उरली होती, ती संपवून टाकावी म्हणून मी सातवं पान काढून टेबलावर ठेवलं.

कोणी हसलं नाही.

खवीस पान भरून उभा होता. काळा, ओला, खांद्यावर शेवाळ. बाबांनी त्याचा कान न् कान, बोटांची पेरं, सगळं जीव लावून केलं होतं. आणि डोळ्यांच्या जागी कागदाचा पांढरा रंग, तसाच.

दामलेबाईंनी कप खाली ठेवला. "हा कुणाकडे बघतोय?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

आईनं खुर्ची मागे सरकवली. "झाक गं ते."

"मी वार करतो," शार्दूल म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा! फासा टाकताना त्याचा हात टेबलाला आपटला. दोन पडले.

"तुझा भाला त्याच्या छातीतून आरपार गेला, धुक्यातून जावा तसा," मी हळू आवाजात म्हणाले. "त्यानं वळून बघितलं. कदाचित तुझ्याकडे."

"कदाचित म्हणू नकोस ना," शार्दूल कुजबुजला.

भर दुपारी, ओटीवर ऊन असताना, मी पुन्हा सात वर्षांची होऊन कारखान्याच्या रांगांसमोर उभी होते. दामलेबाई पुढे वाकल्या. त्या आता खेळ तपासत नव्हत्या, खेळत होत्या.

"मला काहीही करून बघता येतं ना?"

"काहीही. फासा ठरवतो."

"मग मी त्याला डोळे देते. काय ते एकदा बघू दे त्याला."

असा डाव आम्ही कधी लिहिला नव्हता. मी शार्दूलकडे बघितलं. "पंधराच्या वर," तो म्हणाला. बाईंनी फासा दोन्ही हातांत खुळखुळवून टाकला. तो बशीला धडकला, गरगरला आणि थांबला. सतरा.

"दिले डोळे," मी म्हणाले. आता वर्णन काय करायचं? सगळ्यांनी एकदमच दाराकडे बघितलं.

बाबांनी अडकित्ता मिटला. "मला करावं लागेल का?"

"नियमच आहे काका," शार्दूल म्हणाला. नियम तेवढ्यातच झाला होता.

बाबा उठले. हातपाय धुऊन आले, जसे कारखान्यात आखणीला बसण्याआधी धुवायचे. डबा उघडला, सगळ्यात बारीक कुंचला घेतला, आणि पान डोळ्यांच्या बरोबर समोर येईल अशा बेतानं पाटावर बसले. "कुठे बघायला लावू?"

"त्याचं त्याला ठरवू दे," दामलेबाई म्हणाल्या.

बाबांनी श्वास रोखला. मी लहानपणापासून बघत आलेय, ते एका दमात रेघ ओढतात. या वेळी तसं झालं नाही. हात दोनदा थांबला. मधे त्यांनी डोळे मिटून घेतले, काहीतरी आठवत असल्यासारखे, आणि मग कुंचला पुन्हा टेकवला. पाचेक मिनिटं गेली असतील. त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाले.

आईच्या लगेच लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

खविसाची डावी भुवई चढलेली होती. उजवा डोळा बारीक. आग ओकत होता तो. आणि त्याच डोळ्याच्या खालच्या कडेला, एवढीशी, नखाएवढी ओल.

राग आला की मी कशी दिसते ते मला माहीत होतं. ती ओल मला माहीत नव्हती. बुधवारी बाबांनी तीही बघितली होती.

"हा चिडलाय," दामलेबाई म्हणाल्या. मग जरा वाकून, "नाही. रडायच्या बेतात आहे हा." त्यांनी फासा बाजूला ठेवला आणि खेळातल्या रीतीप्रमाणे सरळ खविसाला विचारलं, "काय रे, काय झालं तुला?"

भुताच्या तोंडची वाक्यं सूत्रधारानं बोलायची असतात. सगळे माझ्याकडे बघत होते. खवीस मात्र बघत होता समोर, कुंचला धरलेला माणूस जिथे बसला होता तिथे.

"मी बोलू नये ते बोललो," खवीस म्हणाला. मी त्याच्यासाठी घोगरा, दणदणीत आवाज बसवून ठेवला होता. तो आलाच नाही. "घरच्या माणसाला. ज्याचं काम मला अर्धंही जमत नाही, त्याला."

"मग आता?"

"चुकलो म्हणायचंय. चार दिवस झाले, विहिरीतून वर यायला जमलं नाही."

शार्दूलनं घसा खाकरला आणि अगदी हळू म्हणाला, "माफीलाही फासा टाकावा लागतो. समोरच्यानं."

दामलेबाईंनी पुढच्या वर्षी 'सातविहीर' छापलं. सहा भुतं मायेच्या डोळ्यांची आणि सातव्याला डोळेच नाहीत, ते खेळणाऱ्यांनी आपापले काढायचे. हा हट्ट त्यांचा. अजून पोरं आपल्या प्रती दाखवायला आणतात आणि मी बघत बसते, कुणी कुणाचे डोळे आणलेत ते. मूळ पान मात्र आमच्या ओटीवर भिंतीला आहे.

पण त्या रविवारी यातलं काही ठरलं नव्हतं. बाबा टेबलापाशी आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तो फासा उचलला, उजेडाला धरला, एकेक बाजू निरखून बघितली. टाकला नाही. बोटांनी फिरवत फिरवत वीसचा आकडा वर आणला आणि अलगद माझ्यासमोर ठेवला.

"एवढा पुरे ना?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान डोलावली आणि हात पुढे केला, तसे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पानाला हात लावू नकोस हं. रंग ओला आहे."